दादाच्या दोन मिस्सा

दादा गेल्यापासून त्याच्या स्मृतिदिनी चर्चमध्ये दोन मिस्सा होत, दोन वेगवेगळ्या प्रार्थना. सकाळी सातची पट्टीकाकांची आणि नऊची वहिनींची. माणूस एकच, मरण एकच, थडगंही एकच. पण त्याच्या आत्म्याला शांती मागणारी दोन माणसं एकमेकांशी बोलत नव्हती, म्हणून देवाला त्या दिवशी दोन पाळ्या कराव्या लागत.

पट्टीकाका हे दादाचे धाकटे भाऊ. सगळी नोकरी त्यांनी पाणीपुरवठा खात्याच्या नकाशा विभागात केली. खिशात कायम स्टीलची पट्टी, म्हणून हे नाव. ते निवृत्त झाले तरी पट्टी निवृत्त झाली नव्हती. वेदीच्या पायऱ्या सारख्या उंचीच्या नाहीत हा शोध त्यांनी भर प्रवचनात गुडघ्यावर बसून लावला होता. दादा त्याच खात्यात फिटर. काका कागदावर रेघ मारत आणि दादा ती जमिनीत घाली. वाटेत एखादं जुनं झाड आलं की दादा कुणाला न विचारता वळसा घेई, आणि काका आठवडाभर धुमसत. बाकी दादाबद्दल वाईट बोलेल असा माणूस धर्मग्रामात, म्हणजे चर्चच्या साऱ्या वस्तीत, सापडला नसता. ज्याचा नळ गळे त्याच्याकडे दादा हजर, आणि चहाशिवाय काही घेत नसे.

काकांनी लग्न केलं नाही. आईवडील लवकर गेले, दादानेच त्यांना वाढवलं, आणि पुढे दादाच्या घरात वरचा मजला काकांचा, खालचा दादा-वहिनींचा असं सुखात चाललं होतं. मग दादा गेला आणि थडग्यावरच्या दगडाने सगळा घोटाळा केला. दगडावर वर ‘प्रिय पती’ असावं असं वहिनींचं म्हणणं. वर ‘प्रिय बंधू’ असावं, कारण भाऊ आधी झाला आणि नवरा नंतर, असं काकांचं. कागद असो की दगड, तारखेचा क्रम पाळायला हवाच की. दगड घडवणारा दोघांकडे हेलपाटे घालून इतका वैतागला की त्याने नाव कोरलं, खाली जागा मोकळी सोडली आणि पुन्हा तोंड दाखवलं नाही.

तेव्हापासून वरचा मजला आणि खालचा मजला यांचं बोलणं बंद. अगदीच गरज पडली तर वहिनी खालून जिन्याला उद्देशून म्हणत, “टाकी भरलीय. कुणाला मोटर बंद करायची असेल तर करावी.” आणि काका वरून कठड्याला सांगत, “कळतं आम्हाला.” वहिनी शिवणकाम करत. त्यांचं मशीन चालू असलं की त्या घरी आहेत, बंद पडलं की जिना मोकळा, एवढी माहिती काकांना पुरे होती. एखाद्या दिवशी मशीन बराच वेळ वाजलं नाही तर मात्र ते उगाचच जिन्यापर्यंत येऊन खोकून जात. खालून भांड्याचा आवाज आला की परत फिरत.

सातच्या मिस्सेला काका पांढरी फुलं नेत आणि मिस्सा संपली की शेवटच्या पाकळीसकट पिशवीत भरून परत आणत. आपल्या फुलांवर नऊची मिस्सा साजरी व्हायला ते काही धर्मादाय खातं चालवत नव्हते. वहिनी येताना स्वतःच्या हाताने विणलेली झालर आणत आणि वेदी आधी ओल्या फडक्याने पुसून घेत, असं काकांच्या कानावर आलं होतं. त्यांना त्याचा फार राग आला होता.

पण खरा सल वेगळाच होता. त्या सकाळी सातला चर्च रिकामं असे. काका, म्हातारे फादर आणि भिंतीवरचे संत. रोज न चुकता येणाऱ्या म्हाताऱ्यांचंसुद्धा नेमकं त्याच दिवशी अंग दुखे. काकांना कारण माहीत होतं. सगळे नऊला जाणार. वहिनींनी माणसं फोडली होती. झंपर शिवून देता देता, बटणं लावता लावता एकेक माणूस त्यांनी आपल्याकडे ओढला होता. नऊची गर्दी डोळ्यांनी बघायला नको म्हणून काका सात वाजताची मिस्सा आटोपली की दादाच्या थडग्यापाशी जात आणि तिथून लांबच्या बागेत जाऊन बसत, पार उन्हं चढेपर्यंत. तरीही ती मिस्सा त्यांना जिवापाड हवी होती. वहिनींकडे दादाचे फोटो होते, कपडे होते, त्याची खुर्ची होती. काकांकडे दादाचं म्हणावं असं एवढंच उरलं होतं, वर्षातून एक सकाळ.

आणि नेमकी हीच सकाळ नव्या फादरांनी काढून घ्यायची ठरवली.

म्हातारे फादर विश्रांतीला गेले आणि त्यांच्या जागी आले ते उत्साही होते. आल्या आल्या त्यांनी मंगळवारचा अभ्यासवर्ग सुरू केला आणि पहिलाच विषय काढला, ‘ख्रिस्तसभा हे एक रहस्य आहे’. चर्चच्या मागच्या खोलीत, डगमगत्या टेबलाभोवती सगळे जमले. फादर म्हणाले, ख्रिस्तसभा म्हणजे ही इमारत नाही, कार्यकारिणी नाही, नुसते आपणही नाही. दिसणारं आणि न दिसणारं तिच्यात एकच आहे. जिवंत आणि मेलेले मिळून एक शरीर आहे.

“रहस्य आहे ना?” दातांचे डॉक्टर म्हणाले. “मग राहू द्या की. उघड केलं तर रहस्य कसलं?”

“तसं नाही चालत,” औषधांच्या दुकानाच्या बाई म्हणाल्या. “घेणाऱ्याला निदान कळलं पाहिजे, जेवणाआधी घ्यायचं की जेवणानंतर.”

ऑर्गन वाजवणाऱ्या मास्तरांनी विचारलं की या एका शरीरात गायकवृंद नेमका कुठे येतो, कारण गेल्या रविवारी त्यांना खांबामागे बसवलं होतं. त्यावर अर्धा तास गेला.

काकांना मात्र ‘रहस्य’ हा शब्दच झोंबला. त्यांच्या खात्यात तो फक्त गळतीसाठी वापरत. पाणी टाकीतून निघालं आणि नळाला आलं नाही की साहेब म्हणत, रहस्य आहे. आणि मग काका नकाशा काढून दाखवत की रहस्य वगैरे काही नाही, पाचव्या गल्लीत सांधा उखडलाय. ते उभे राहिले आणि म्हणाले, “जे आहे त्याचा नकाशा निघतो. निघत नसेल तर ते नाही.”

“मग काढा,” फादर म्हणाले आणि वही मिटता मिटता पुढे म्हणाले, “हो, आणि काका, तुमच्या दादांच्या मिस्सेचं. मी एकटा आहे. एका माणसासाठी एका सकाळी दोन मिस्सा मला काही जमत नाही. एकच करू.”

काका वर्ग संपल्यावर त्यांच्या मागोमाग कचेरीत गेले. म्हणाले, आमचे म्हातारे फादर करत होते. फादर म्हणाले, ते थकले होते, त्यांना नाही म्हणवत नसेल. काका म्हणाले, सातची आधीची आहे, करायची तर नऊची बंद करा. फादर म्हणाले, हेच वाक्य काल एका बाईंनी मला उलट करून ऐकवलं.

मग डोकं धरून ते म्हणाले, “असं करा काका. तुम्ही नकाशा काढणार आहात ना? पुढच्या मंगळवारी सगळ्यांसमोर मांडा. ख्रिस्तसभेच्या नकाशात तुमच्या दादांच्या दोन मिस्सा बसत असतील, तर मी दोन करीन. सात आणि नऊ. शब्द देतो.”

काका तरंगत घरी आले. नकाशात एखादी गोष्ट बसवणं म्हणजे त्यांच्या डाव्या हाताचा मळ होता.

वरच्या खोलीत खिडकीपाशी त्यांचा नकाशे काढायचा जुना फळा होता, तिरका, पायांखाली पुठ्ठ्याच्या घड्या. त्यावर त्यांनी मोठा कागद टाचला, पेन्सिलींना टोकं काढली आणि जे त्यांना येत होतं तेच काढलं, पाण्याच्या नळांचं जाळं. सगळ्यात वर टाकी. देवाला टाकी म्हणणं बरं दिसेना, म्हणून ‘उगम’ असं लिहिलं. त्याखाली स्वर्ग, मग स्वर्गाआधी पापं धुवायचं शुद्धिस्थान, मग पृथ्वी, असे तीन पट्टे. बिशपांची मुख्य वाहिनी, धर्मग्रामाची उपवाहिनी, आणि तिथून घरोघरी जोडण्या. प्रत्येकाच्या भक्तीप्रमाणे नळाची जाडी. काकांनी ती निःपक्षपातीपणे ठरवली आणि स्वतःची जरा जास्त ठेवली, कारण मोजमाप करणाऱ्याला तेवढं लागतंच.

मग दादा. प्रामाणिकपणे पाहिलं तर दादा शुद्धिस्थानात असायला हवा होता. तो प्रवचनात झोपे, आणि पाना निसटला की तोंडातून जे निघे ते छापण्यासारखं नसे. पण सख्ख्या भावाला स्वतःच्या हाताने तिथे बसवणं काकांना जमेना. त्यांनी दादाला स्वर्गात घेतलं, त्याच्याकडे जाणारी रेघ तुटक काढली आणि खाली कोपऱ्यात सूचना लिहिली: तुटक रेघ म्हणजे प्रस्तावित काम.

दादापासून स्वतःपर्यंत रेघ त्यांनी एका दमात ओढली. आता उरल्या वहिनी.

त्यांना नकाशातून वगळावं, हा पहिला विचार. खाली मशीन खडखडत होतं, ते ऐकत काकांनी त्यांची चौकट खोडली. पण लग्न हा संस्कार आहे, तो शाळेत पाठ केलेला. वहिनींची चौकट गेली तशी दादाची एक बाजू उघडी पडली. ते चालेना. मग वहिनींना मुख्य वाहिनीवरून वेगळी जोडणी द्यावी, म्हणजे त्यांच्या पाण्याचा आणि दादाच्या पाण्याचा संबंध नको. तेही बसेना. कुठूनही फिरवली तरी रेघ दादापाशीच येई. जो दादाला जोडलेला तो काकांना जोडलेला, आणि जी दादाला जोडलेली ती... काकांनी खोडरबर इतका घासला की त्या जागी कागद झिरझिरीत झाला. इतकी वर्षं नकाशे काढले, पण एका घरातल्या दोन मजल्यांनी त्यांना असं कधी जेरीस आणलं नव्हतं.

शेवटी त्यांना वॉल्व्ह सुचला.

खात्याच्या भाषेत वॉल्व्ह लावणं म्हणजे तोडणं नव्हे. नियमन. रेघ तिथेच राहते, नियम कुठे मोडत नाही, फक्त पाणी जात नाही. काकांनी दादा आणि वहिनी यांच्या रेघेवर दोन छोटे त्रिकोण टोकाला टोक लावून काढले आणि ते काळे भरले. काळा म्हणजे बंद. आता दोन्ही मजले स्वतंत्र, म्हणून मिस्साही दोन. त्या रात्री त्यांना छान झोप लागली.

मंगळवारी मागची खोली भरली होती. काकांनी नकाशा भिंतीवर लावला आणि पट्टीने दाखवत समजावून सांगितला. वहिनी दाराजवळच्या खुर्चीवर येऊन बसल्या होत्या, मांडीवर वेदीचं कापड, त्याची कड दुमडत. त्यांनी मान वर केली नाही.

लोकांनी मात्र नकाशाला गर्दी केली, आणि प्रत्येकाने आधी स्वतःला शोधलं.

“माझी अर्धा इंची?” ऑर्गनचे मास्तर म्हणाले. “आणि या खांबामागच्या गायकांना एक इंची?”

“मला बिशपांच्या लाईनवरून थेट जोडणी मिळणार नाही का?” दातांच्या डॉक्टरांनी विचारलं. “मधल्या गळतीचा त्रास नको.”

“शुद्धिस्थानातले सगळे आमच्याच गल्लीतले कसे?” औषधवाल्या बाई चष्मा पुसत म्हणाल्या. “काही पुरावा आहे की असंच?”

काका एकेका हरकतीला उत्तर देत होते. असा भाव त्यांना नोकरीतही मिळाला नव्हता. फादर मात्र एका जागी उभे राहून कागदाचा झिरझिरीत भाग बघत होते.

“हे काय आहे, या रेघेवर?”

“वॉल्व्ह.”

“चालू की बंद?”

“बंद. नियमनासाठी.”

“तो बंद ठेवल्याने पाणी कुणाचं जातं?”

“पुढच्यांचं,” काका म्हणाले आणि छताकडे बघू लागले. “म्हणजे खालच्या मजल्याचं.”

दोघंतिघं हसले. वहिनींनी दोरा दातांनी तोडला आणि दाराच्या चौकटीला म्हणाल्या, “खालच्या मजल्याने कुणाकडे तक्रार केलीय का?”

काकांनी भिंतीला उत्तर द्यायला तोंड उघडलं, पण आतलं सगळं एकदम बाहेर आलं. “तक्रार कशाला करतील? नऊला अख्खं गाव असतं त्यांच्याकडे. आमच्या सातला चिटपाखरू फिरकत नाही. निदान ती तरी राहू द्या म्हणतोय मी. गर्दी घ्या, फुलं घ्या, सगळं घ्या. पण मला माझ्या दादासाठी एकट्याला बसू द्या.”

वहिनींचा हात थांबला. त्यांनी चौकटीकडे बघितलं नाही, काकांकडे बघितलं.

“नऊला गाव?” त्या म्हणाल्या. “भाऊजी, नऊला मी असते. मी आणि म्हातारे फादर, त्यांनाही धड दिसायचं नाही. मी म्हणायची, सगळे सातला जाऊन आले, आता आणखी कशाला येतील. तुम्ही माणसं फोडलीत म्हणून मी तुम्हाला काय काय बोलले असेन.”

खोलीत अचानक सगळ्यांना आपापल्या चपलांमध्ये काहीतरी बघण्यासारखं दिसलं.

फादर लोकांकडे वळले. “मग तुम्ही कुठे असायचात?”

शेवटी दातांच्या डॉक्टरांनी घसा साफ केला. “त्याचं असं आहे फादर, सातला गेलो तर वहिनींना वाटणार हे काकांचे. नऊला गेलो तर काकांना वाटणार हे वहिनींचे. उगाच कुणाला कशाला दुखवा? म्हणून आम्ही घरीच प्रार्थना करायचो.”

“करायचात?” औषधवाल्या बाईंनी विचारलं.

“मनात यायची,” डॉक्टर म्हणाले.

औषधवाल्या बाईंनी चष्मा पुन्हा पुसायला घेतला, कारण त्यांच्याही मनातच यायची.

काका नकाशासमोर उभे होते. ज्याने या खोलीतल्या प्रत्येकाचा नळ दुरुस्त केला, त्याच्या स्मृतिदिनी अख्खं धर्मग्राम सभ्यपणे अंथरुणात पडून असे, आणि त्या एवढ्या मोठ्या चर्चमध्ये दोन माणसं, एक गेल्यावर एक, एकटी बसून त्याच्यासाठी रडत असत. आणि हे आपण केलं. काकांना इतकी लाज वाटली की पट्टी हातात जड झाली. त्यांनी वॉल्व्ह एका घराला लावला होता आणि पाणी सगळ्या वस्तीचं गेलं होतं. नवखा उमेदवारसुद्धा ही चूक करत नाही.

“नकाशा चुकलाय,” ते म्हणाले. हे वाक्य त्यांनी उभ्या आयुष्यात प्रथमच उच्चारलं.

“मग मिस्सा किती?” फादरांनी विचारलं.

“एक.”

“किती वाजता?”

“सात,” काका म्हणाले.

“नऊ,” वहिनी म्हणाल्या.

“आठ,” फादर म्हणाले, आणि त्यांचा आवाज असा होता की कुणी पुढे बोललं नाही. मग ते जरा नरमले आणि हात जोडून म्हणाले, “बघा, ख्रिस्तसभा हे रहस्य आहे असं आपण म्हणतो तेव्हा...” पण तेवढ्यात चहा आला, आणि ऑर्गनच्या मास्तरांना आपली जाडी पाऊण इंच तरी करून हवी होती, त्यामुळे तो विषय राहूनच गेला.

स्मृतिदिनाच्या सकाळी काका सवयीने सातलाच जाऊन पहिल्या बाकावर बसले. आठच्या आत चर्च भरलं. अंगदुखी झालेल्या म्हाताऱ्या आल्या, दातांचे डॉक्टर पांढऱ्या शर्टात आले आणि काकांच्याच बाकावर, काकांना नीट दिसतील असे बसले. मागे लोक उभे राहिले. इतकी माणसं दादाची होती हे काकांना ठाऊक होतं, पण ती एका ठिकाणी त्यांनी दादाला पोचवायच्या दिवसानंतर आज बघितली. आपल्या वाटणीचा दादा या गर्दीत हरवेल असं त्यांना वर्षानुवर्षं वाटत आलं होतं. तो हरवला नाही. उलट बाकाबाकावर त्याच्याच गोष्टी चालल्या होत्या. कुठल्या मोरीत तो अडकला होता, कुणाच्या चहात त्याने किती साखर मागितली होती.

ऑर्गन सुरू झाला आणि वहिनी आल्या. जागा कुठेच नव्हती. मधल्या वाटेत त्या उभ्या राहिल्या, आणि कुणीही जागचं हललं नाही, कारण त्यांना कुठे बसवलं तर कुणाला काय वाटेल, हा प्रश्न अजून सगळ्यांपुढे होताच.

वहिनी थेट पहिल्या बाकापाशी आल्या.

“सरका, भाऊजी.”

काका सरकले. त्यांच्याबरोबर अख्खा बाक सरकला, आणि पलीकडच्या टोकाला दातांच्या डॉक्टरांना उठून उभं राहावं लागलं. वहिनी बसल्या. फादरांनी दादाचं नाव घेतलं, मागून एवढ्या सगळ्या गळ्यांतून एकदम उत्तर आलं, आणि काकांना रडू फुटलं. ते आवरायला गेले तशी खांदे हलायला लागले आणि बाक कुरकुरायला लागला.

“हळू रडा,” वहिनी कुजबुजल्या. “मलाही रडायचंय.”